वीणा कांदाचाळीला गेली तेव्हा

"वीणा खाली ठेवता येत नाही, मॅडम," दगूनाना म्हणाले. "तेवढं सोडून काय सांगाल ते करतो."

मी मारुतीच्या देवळाच्या पायरीशी चपला काढून आत शिरले होते आणि धाप लागल्यामुळे खांबाला टेकून उभी होते. चैत्रातलं ऊन उंबऱ्याला येऊन थांबलेलं. आत समईच्या तेलाचा आणि सुकत चाललेल्या तुळशीमाळांचा वास. मारुतीरायापुढे नाना उभे होते. खांद्यावर वीणा, कपाळी बुक्का, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. उजव्या हाताचं बोट तारेवर सारखं फिरत होतं आणि बोलता बोलता मध्येच ते 'रामकृष्णहरी' म्हणून घेत होते.

"अहो नाना, साहेब आलेत. तिकडे पुंजारामच्या मळ्यात मोजमाप चालू आहे. तुमची चाळ सगळ्यात शेवटी. तुम्ही तिथं नसलात तर ते कागदावर 'गैरहजर' लिहून निघून जातील. आणि उद्या मार्च संपला! यंदाचं अनुदान परत गेलं की गेलं."

"कळतंय ना मला, मॅडम. माझा पहारा कधीचाच संपला. पुंजाराम येणार होता सोडवायला. त्याचा पत्ताच नाही."

"तो कसा येईल? त्याच्याच चाळीवर तर साहेब आहेत!"

"मंग झालं तर," नाना म्हणाले आणि तारेवरचं बोट तसंच फिरत राहिलं.

तेव्हा मी नव्यानेच टेंभुरवाडीला कृषी सहायिका म्हणून लागले होते. गाव कांद्याचं. उन्हाळ कांदा निघाला की लोक तो बांधावर उसाच्या पाचटाखाली झाकून ठेवायचे आणि सडायच्या आत मिळेल त्या भावाला विकून मोकळे व्हायचे. त्या साली सरकारने कांदाचाळीला अनुदान दिलं. चाळ म्हणजे जमिनीपासून उंच उचललेली, बांबूच्या पट्ट्यांची लांबलचक खोली. खालून वारं खेळलं की कांदा दिवाळीपर्यंत टिकतो. आधी चाळ स्वतःच्या पदरच्या पैशाने बांधायची, मग साहेबांनी येऊन मोका तपासणी करायची, मालकाला चाळीपुढे उभं करून फोटो काढायचा, आणि मग पैसे खात्यात.

दगूनानांनी चाळीसाठी म्हैस विकली होती. गिरजामावशींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, लाडाची म्हैस. अनुदान आलं की परत म्हैस आणायची, असं ठरलं होतं. तोवर मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला काळा चहा द्यायच्या आणि नानांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "दूध कुठून घालू बाई? आमचे मालक रोज सकाळी बादली घेऊन चाळीखाली बसत्यात. पान्हा सोडीना ती."

आणि नेमका तपासणीचा दिवस आला तो सप्ताहात. रामनवमीचा सप्ताह म्हणजे टेंभुरवाडीचा प्राण. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. आणि या सगळ्यात देवापुढे उभी वीणा. सात दिवस ती जमिनीला टेकत नाही. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, तीही देवापुढे, एकमेकांच्या पाया पडून. आज्या-पणज्यांपासून वीणा कधी टेकली नाही याचा गावाला केवढा अभिमान! कुणाच्या घरी पाहुणा आला तर चहाच्या आधी ही गोष्ट सांगत.

मला ते सगळं ओळखीचं होतं. माझे वडील मला खांद्यावर बसवून गावोगावच्या कीर्तनांना न्यायचे. महाराजांनी निरूपण सुरू केलं की मी वडिलांच्या मांडीवर झोपायची, आणि टाळ-मृदंगाचा गजर उसळला की दचकून उठायची. अजूनही कुठं लांबून मृदंग ऐकू आला तर मला वडिलांच्या सदऱ्याचा वास येतो.

"दुसरं कुणी?" मी विचारलं. "गुरव कुठे आहेत?"

"गुरवाची बी चाळ हाये," कोपऱ्यातून आवाज आला. कौतिकबाई पंगतीची डाळ निवडत बसल्या होत्या. सोबत आणखी तीन बाया. कौतिकबाईंचं वय झालं होतं, पण जिभेला अजून धार होती. "मास्तरची बी हाये. सरपंचाची तं दोन नावानं दोन हायेत. अनुदानाची गाडी आली म्हणल्यावर गावात गडीमाणूस राह्यला का? मारुतीरायाला तेवढी चाळ नाही, म्हणून तो बसलाय बिचारा जागेवर."

मी हात पुढे केला. "नाना, मला द्या वीणा. मी उभी राहते."

नानांचं बोट क्षणभर अडखळलं. "मला काही नाही हो, मॅडम. पण आमच्यात बायामाणसाकडं वीणा देत नाहीत. गाव म्हणंल, सप्ताह मोडला."

"अन् तू हितं उभी राह्यली तर तिकडं साहेबाला चाळ कोण दाखवील?" कौतिकबाई म्हणाल्या. "फाइल तुझ्याच पिशवीत ना?"

खरंच होतं. मी चपला घातल्या, स्कूटी वळवली आणि पुंजारामचा मळा गाठला.

तिथं वेगळाच गोंधळ. बच्छाव साहेब चाळीपुढे उकिडवे बसून खाली डोकावत होते. ते म्हणत होते, "खाली हवा कुठे आहे? मांजरसुद्धा जाणार नाही!" आणि पुंजाराम कमरेपर्यंत चाळीखाली शिरून फावड्याने माती ओढून काढत होता. धुळीने त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"पुंजारामभाऊ, नाना तिकडे अडकलेत! पहारा तुमचा आहे!"

"येतो ना मॅडम!" चाळीखालून आवाज आला. "एवढी हवा काढतो अन् येतो!"

साहेब उठले, गुडघे झटकले. "चालू द्या ह्याचं. आपण पुढच्या बघू, परत जाताना हिच्याकडे येऊ." म्हणजे पुंजाराम तिथून हलणार नव्हता.

मी साहेबांना बाजूला घेऊन नानांचं सांगितलं. चाळ आज बघून घ्या, फोटो मागाहून जोडते, असंही म्हणाले.

बच्छाव साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना पित्ताचा त्रास होता, उन्हात गळ्याभोवती ओला रुमाल बांधून दिवसभर खेडी हिंडत होते. ते म्हणाले, "गांगुर्डे, मागच्या साली एकाच चाळीपुढे तिघांनी उभं राहून तीन फोटो काढले. चौकशी कुणावर लागली? माझ्यावर. मालक स्वतःच्या चाळीपुढे पाहिजे. मधल्या दोन चाळी बघून मी तिथं पोचतो. थोडा वेळ थांबेन. जास्त नाही थांबता येणार, अजून दोन गावं आहेत."

देवळाकडे परत येताना मला रडू फुटायचं बाकी होतं. नानांची ती चाळ मीच पाठीमागे लागून बांधायला लावली होती. म्हैस नेली त्या दिवशी मावशी गोठ्यात जाऊन बसल्या होत्या, तेही मी पाहिलं होतं.

देवळात नाना तसेच उभे. त्यांनी माझा चेहरा वाचला असावा. म्हणाले, "राहू द्या, मॅडम. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. म्हशीविना काय माणसं मरत नाहीत." पण डोळे मात्र त्यांनी मारुतीकडे वळवले.

वीणेची तार वाजत होती. ऐकता ऐकता मला वडिलांच्या खांद्यावरून दिसणारं एक जुनं दृश्य आठवलं. गावातून निघालेली दिंडी, गर्दीची डोकी, आणि सगळ्यांच्या पुढे हळूहळू चालणारी वीणा.

"नाना," मी म्हणाले, "वीणा खाली ठेवता येत नाही. पण चालता तर येतं ना?"

कौतिकबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

"म्हंजे?" नाना म्हणाले.

"काल्याच्या दिवशी वीणा गावाला फेरा घालतेच की. मग आज चाळीपर्यंत गेली तर? तुमच्याच खांद्यावर. टेकवायची नाही, थांबवायची नाही."

"अन् देवापुढली जागा?"

"देव काय जागेवर बसून राहणारा हाये व्हय?" कौतिकबाई सूप बाजूला सारून उठल्याच. "अरे, ह्यानं रातोरात डोंगर उचलून आणला. ह्याला तुझ्या चाळीपत्तर यायला काय एस्टी लागंल? चल. मी टाळ घेते. ए पोरींनो, उठा गं. एकीनं तुळस घ्या डोक्यावर. डाळ काय पळून नाही जात."

नाना हलेनात. मग त्यांनी मारुतीरायाकडे पाहिलं, मान झुकवली, आणि उलट्या पावलांनी, देवाला पाठ न दाखवता, उंबऱ्याबाहेर आले.

अशी आमची दिंडी निघाली. पुढे तुळस, मग नाना, मागे टाळ घेतलेल्या बाया आणि फाइलची पिशवी गळ्यात अडकवलेली मी. माझ्या हातातही कौतिकबाईंनी टाळ दिले होते. चपला घालायच्या राहिल्या हे मला गाव सुटल्यावर, पायाखालची फुफाटा झालेली धूळ लागली तेव्हा कळलं. परत फिरायला वेळ नव्हता आणि पुढे अनवाणी नाना चालत होते. कोण म्हणणार, थांबा, चपला घालून येते?

दोन्ही बाजूंनी काढणीला आलेला कांदा, पाती माना टाकून पडलेल्या. वाऱ्यावर तो तिखट गोडूस वास. 'रामकृष्णहरी'चा सूर नानांनी लावला आणि बाया मागून ओढत होत्या. एका वस्तीवरून एक म्हातारा हात कपाळाशी नेऊन ओरडला, "अगं कौतिके! सप्ताह कुठं चालला?"

"अनुदान घ्यायला!" कौतिकबाईंनी चालता चालताच उत्तर दिलं आणि पुढच्याच दमात सूर पकडला.

वीणा रस्त्याने चालली आहे म्हटल्यावर कुणाला उभं राहवतंय? ज्यांच्या चाळी बघून झाल्या होत्या ते बांधाबांधाने धावत आले. टोप्या सावरल्या, चपला काढून बांधावर ठेवल्या आणि सामील झाले. विचारायची कुणाची छाती झाली नाही. काही जण नजर चुकवत होते. ओढ्याच्या उतारापर्यंत आमच्यामागे चांगली पन्नासभर माणसं झाली होती, आणि कुणीतरी देवळातून मृदंगही उचलून आणला होता.

इकडे चाळीपाशी साहेबांची जीप केव्हाच येऊन थांबली होती. गिरजामावशी त्यांना थोपवून धरत होत्या. ते मला मागाहून कळलं. "पाणी घ्या साहेब. ताक दिलं असतं हो, पण म्हैस ह्या चाळीत गेली. बसा, आलेच मालक. येतीलच. पाणी घ्या अजून." साहेब चार तांबे पाणी प्याले म्हणे. चाळ मोजून झाली होती आणि त्यांचं पेन खिशातून निघालं होतं, तेवढ्यात ओढ्याच्या पलीकडून मृदंग ऐकू आला.

दिंडी चाळीपुढे येऊन उभी राहिली. गजर काही थांबला नाही, फक्त हळू झाला.

"हे काय आहे, गांगुर्डे?" साहेब म्हणाले.

"लाभार्थी हजर आहेत, साहेब."

"ते दिसतंय. खांद्यावर काय आहे?"

"वीणा आहे. ती खाली ठेवता येत नाही."

"मग क्षणभर कुणाकडे तरी द्या. सरकारी फोटो आहे हा. साधा पाहिजे."

गर्दीतून वाट काढत पुंजाराम पुढे आला. तोही धावत येऊन दिंडीत मिसळला होता. अंगभर माती, हातात अजून फावडं. फावडं टाकून त्याने हात जोडले. "नाना, चुकलं माझं. द्या इकडं. पहारा माझाच हाये."

सुटलो, असं मला वाटलं. आता नाना वीणा देतील, फोटो निघेल, म्हैस येईल. मावशींनीही तेच मनात धरलं असणार, कारण त्या पदर खोचून पुढे झाल्या. "द्या, द्या. पुंजाराम घरचाच हाये."

नानांनी मान हलवली.

"नाही रे बाबा. देवापुढं घेतली, देवापुढंच देईन. हितं बांधावर नाही."

"अहो, असं काय करता!" मावशींचा आवाज फुटला. "एका घटकेचा प्रश्न हाये!"

"गिरजे, जन्मात एवढी एक गोष्ट धड केली मी. ती तरी राहू दे." आणि मग साहेबांकडे वळून, अगदी हळू आवाजात, "साहेब, फोटो निघत नसंल तर राहू द्या. चाळ झाली, त्यात मी खूश हाये. कांदा तं टिकंल."

नुसती तार वाजत होती आणि टाळ अगदी बारीक. साहेब नानांकडे पाहत राहिले. धुळीने माखलेली पावलं, घामाने पुसट झालेला बुक्का. मग त्यांनी गळ्यातला ओला रुमाल सोडला, तोंड पुसलं आणि मला विचारलं, "गांगुर्डे, फोटोत लाभार्थ्याच्या खांद्यावर वीणा नसावी, असं मार्गदर्शक सूचनेत कुठं आहे का?"

"नाही, साहेब."

"नीट वाचलंय?"

"वाचलंय, साहेब."

"मग उभे राहा, नाना. जरा डावीकडे. चाळीवरचं नाव झाकू नका."

कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी बच्छाव साहेबांनी एका पायाने दुसऱ्या पायातली चप्पल काढली, मग ती दुसरी. कुणाच्या लक्षात आलं असेल नसेल, मी पाहिलं. त्या फोटोत बाकी सगळं स्वच्छ आलं. चाळ, तिच्यावर रंगवलेलं नाव, नानांचा चेहरा. फक्त उजवा हात तेवढा पुसट आला. बोट थांबलंच नव्हतं ना.

संध्याकाळी गावात कुजबुज उठली. देवळात वीणा परत आली, देवापुढे पुंजारामने ती घेतली, सगळं रीतीने झालं. पण दुपारभर देवापुढली जागा रिकामी होती म्हणजे सप्ताह मोडला, असं सरपंच म्हणू लागले. मॅडमनी गावाची रीत मोडली, असंही कुणीतरी माझ्या कानावर पडेल इतपत मोठ्याने बोललं. नाना खांबाशी मान घालून बसले होते. मी बायांच्या बाजूला पायांचे तळवे जवळ घेऊन बसले होते. त्यांवर फोड आले होते आणि गिरजामावशी कांदा ठेचून माझ्या तळव्यांना लावत होत्या.

कीर्तनाला माधवबुवा आले. थोराड अंगाचे, हसऱ्या चेहऱ्याचे. सरपंचांनी गाऱ्हाणं घातलं. बुवांनी सगळं ऐकून घेतलं.

"वीणा टेकली का?"

"नाही, महाराज."

"नाम थांबलं का?"

"हूं! थांबतंय!" कौतिकबाई मागून म्हणाल्या. "माझा घसा बघा."

बुवा हसले. नानांकडे वळून त्यांनी विचारलं, "मग नाना, हनुमंतराय तुमच्या चाळीत जाऊन आले म्हणायचे. आवडली का त्यांना?"

नाना गांगरले. पण पुंजाराम तडक उभा राहिला. "म्हंजे काय महाराज? देव नानाच्याच चाळीत गेला? आमच्या चाळी काय वाईट हायेत का?"

"माझी तर रस्त्यालाच हाये," गुरव म्हणाले.

"आमच्या दोन आहेत," सरपंच म्हणाले, आणि मग स्वतःच ओशाळून खाली बसले. सगळं देऊळ हसलं. मृदंगावर थाप पडली आणि बुवांनी कीर्तनाला हात घातला. त्या रात्रीइतकं गोड कीर्तन मी पुढे फार कमी ऐकलं.

अनुदान पावसाळ्यात जमा झालं. मावशींनी पोळ्याच्या आत म्हैस आणली. तिचं नाव त्यांनी सबशिडी ठेवलं. "ये गं सबशिडी" अशी हाक ओढ्यापलीकडून ऐकू यायची. पुढच्या साली माझी बदली झाली.

मध्ये बरीच वर्षं गेली. मी निवृत्त झाले. नाना गेल्याचं कुणाकडून तरी उशिरा कळलं. यंदा रामनवमीच्या दिवसांत मनाने घेतलं आणि टेंभुरवाडीला गेले.

देऊळ नव्याने बांधलंय. फरशी, पंखे, दारात मोठी कमान. दुपारची वेळ. वाटलं होतं, दोन-चार माणसं असतील. पाहते तर पटांगण भरलेलं! बाया डोक्यावर तुळस घेऊन उभ्या, पोरं टाळ घेऊन. एक तरुण पताका वाटत होता, त्याला मी विचारलं, "आज काय आहे रे? काला तर अजून लांब आहे."

"चाळीची दिंडी," तो म्हणाला. "सप्ताहात रोज दुपारी वीणा शिवारात जाते. ज्याची चाळ नवी, त्याच्याकडे आधी. तुम्ही बाहेरच्या दिसता."

"हो. कधीपासून आहे ही रीत?"

"लई जुनी. शेकडो वर्षांची असंल. एकदा गावावर संकट आलं होतं, तेव्हा मारुतीराय सरपंचाच्या स्वप्नात आले अन् म्हणाले, मला देवळात कोंडू नका, मला शिवार बघू द्या. तेव्हापासून."

"सरपंचाच्या स्वप्नात?"

"हां. आमचे आजोबा सांगायचे."

तेवढ्यात देवळातून वीणा बाहेर आली. उलट्या पावलांनी, देवाला पाठ न दाखवता. ती एका मुलीच्या खांद्यावर होती. कपाळी बुक्का, डोळे मिटलेले, बोट तारेवर.

"आणि हे?" मी विचारलं. "मुलींनी वीणा घ्यायची, हेही तेव्हापासूनच?"

"पहिल्यापासून," तो ठामपणे म्हणाला. "आमच्यात असलं काही नाही, बाई."

गर्दीत मागे कुणीतरी खुदकन हसलं म्हणून वळून पाहिलं. भिंतीला धरून, पाठीत वाकलेल्या, गिरजामावशी उभ्या होत्या. हातात टाळ. त्यांनी मला आधी चेहऱ्यावरून न्याहाळलं नाही. खाली माझ्या पायांकडे पाहिलं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "चपला काढल्या का?"

"काढल्या, मावशी."

"मंग चला," म्हणत त्यांनी टाळांची एक जोडी माझ्या हातात दिली.